पोर सुधां : एका कादंबरीच्या कामाच्या नोंदी

१८ जानेवारी २०२५

आज हेळवी आले, घराण्यांच्या वंशावळी सांभाळणारे. सुगी आटपली की चिकोडी-हुक्केरीच्या पट्ट्यात ते घरोघर फिरतात, आमच्याकडे तीन-चार वर्षांनी पाळी येते. पूर्वी बैलावर बसून यायचे. आता मुलगा मोटारसायकल चालवतो आणि मागं म्हातारबुवा चोपड्यांचं गाठोडं पोटाशी धरून बसलेले असतात.

अंगणात उभं राहून त्यांनी आमची वंशावळ म्हटली. चोपडी नुसती हातात उघडी, नजर समोर, आणि एका दमात सात पिढ्या: अमक्याचा अमका, त्याचे तीन, थोरला परागंदा, मधला प्लेगात गेला. लहानपणापासून ऐकत आले, पण यंदा मी मोबाइलवर ध्वनिमुद्रण करत होते म्हणून प्रत्येक शब्द नीट ऐकला. सर्वांत वरच्या नावाशी त्यांचा सूर किंचित उतरला. बाकी सगळ्यांना बाप आहे. याच्यापुढं म्हणाले, "हा वाड्यातला."

मी विचारलं, "म्हणजे? त्याचा बाप कोण?"

"वाड्यातला म्हंजे वाड्यातला, आक्का. आमच्या आज्ज्यानं तसंच लिवलंय."

"आणि आई?"

"बायकांची नावं आमच्यात लिवत न्हाईत. सुनांचं म्हायार तेवडं लिवतो. लेकी दुसऱ्याच्या घरला जात्यात, त्यांचं ते घर बगंल."

आण्णांनी मला नजरेनं गप्प केलं. पायलीभर जोंधळे, धोतरजोडी आणि दक्षिणा देऊन हेळव्यांची पाठवणी झाली. रात्री ते मुद्रण चार वेळा ऐकलं. गेली दोन वर्षं ज्या कादंबरीचं नुसतं मनात चाललं होतं ती आता लिहायला घेते. त्यासाठी ही वही.

२ फेब्रुवारी

आखणी. दोन पदर. पहिला १७९१ पासून १८४३ पर्यंत, निपाणीच्या अलीकडच्या एका देसायांच्या वाड्यात. दुसरा आजचा, निपाणीतच. पहिल्या पदरात वाड्यातली एक कुणबीण, विकत घेतलेली. दुसऱ्या पदरात एक गरोदर बाई, जिला नाडकचेरीत, म्हणजे तालुक्याखालच्या महसूल कचेरीत, वंशवृक्ष द्यायचा आहे.

हाताशी एकच कागद आहे. आमच्या गावातल्या जुन्या वाड्याचं लाकूड विकलं तेव्हा माळ्यावर मोडी कागदांचं एक बस्तान निघालं. वाड्यातल्या सूनबाईंनी मला त्याचे फोटो काढू दिले. जमाखर्चाचं पान आहे. वर सालाचं नाव: "सु॥ इसन्ने तिसैन मया व अलफ". इसन्ने म्हणजे दोन, तिसैन नव्वद, मया शंभर, अलफ हजार. झाले ११९२. त्यात ५९९ मिळवायचे. हे साल मृग लागला की सुरू होतं, म्हणून जून १७९१ ते जून १७९२.

हा आकडा वहीत मांडला आणि हात थांबला. ते कवटीच्या दुष्काळाचं साल. दक्षिण महाराष्ट्र, हैदराबाद, पार गुजरातपर्यंत माणसं इतकी मेली की मूठमाती द्यायलाही कुणी उरलं नाही, कवट्या रानात पडून राहिल्या म्हणून ते नाव पडलं. त्याच्या आधी टिपूवरच्या मोहिमेत परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेनं धारवाडला वेढा घातलेला, तो एप्रिल १७९१ मध्ये संपला. फौज बसली की भोवतालचा कडबाही उरत नाही. वर पाऊस नाही.

त्या पानावर, तेल आणि मिठाच्या मधोमध, एक ओळ आहे. मी लावलेलं वाचन: "कुणबीण १ पोर सुधा". पुढं किमतीच्या जागी रुपये नाहीत, "जोंधळे" आहे, आणि किती ते कसरीनं खाल्लंय. भोक बरोबर आकड्यावर.

आईचा आकडा १ आणि मुलीचं नाव सुधा. आईला नाव नाही, मुलीला आहे. कादंबरी इथूनच सुरू होणार.

१९ फेब्रुवारी

शब्दांची यादी करतेय. आण्णांचं म्हणणं, कुणबीण म्हणजे कुणब्याची बायको, एवढंच. तसा अर्थ आहेच. पण १८३१ साली मोल्सवर्थचा कोश निघाला तेव्हा या शब्दाचा दुसरा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नव्हता: विकत घेतलेली, राबवून घ्यायची बाई. बटीक तीच. लेकावळा म्हणजे तिच्या पोटचा. अकरमाशा म्हणजे बारा माशांच्या तोळ्यात एक मासा कमी. आणि कडू. सोयरिकीच्या बैठकीत हा शब्द अजून दबक्या आवाजात येतो, तो कुठून आला हे सगळ्यांना माहीत असतं.

आमची आज्जी काम जास्त झालं की म्हणायची, "मी का तुमची बटीक हाय व्हय?" हे वाक्य मी हजारदा ऐकलंय, स्वतः नवऱ्याला ऐकवलंय. गुलामगिरी म्हटलं की आपल्याला कापसाचे मळे आणि जहाजं दिसतात. आपल्या मळ्यावरची, आपल्या सोप्यातली दिसत नाही, आणि ती आपल्या तोंडात रोज असते.

पेशवाईच्या कागदांत कुणबिणी कुठून आल्या ते स्पष्ट दिसतं. शिंदळकीचा आरोप ठेवून सरकारात धरून आणलेल्या. लमाणांनी तांड्याबरोबर आणून विकलेल्या. दुष्काळात आईबापांनी, नवऱ्यांनी विकलेल्या. आणि कुणबिणीच्याच पोटी जन्मलेल्या. मग त्या पागेत, कोठीत, किल्ल्यावर, सरदारांच्या घरात. म्हातारी झाली, डोळे गेले, की सोडून दिलेल्या. सुटका म्हणून जे लिहिलंय ते एवढंच असायचं कितीदा तरी.

९ मार्च

तीन प्रकरणं झाली. सुधा चांगली उभी राहतेय. चार वर्षांची, बोलते कमी, वाड्यातल्या म्हशीच्या रेडकाशी तिची गट्टी. तिचं नाव आईनं ठेवलंय आणि वाड्यानं ते तसंच राहू दिलंय, हे मला महत्त्वाचं वाटतं. मालकाला जे काढून घेता आलं नाही असं काहीतरी.

३० मार्च

पाडवा. काही लिहिलं नाही.

२७ एप्रिल

खानापूर तालुक्यात दोन दिवस जाऊन आले. जंगलालगतच्या सिद्दी वस्तीत एका ओळखीच्या शिक्षकांबरोबर गेले. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात आणलेल्या गुलामांचे हे वंशज. घाट चढून हल्याळ, यल्लापूर, खानापूरच्या रानात आले, राहिले. पोर्तुगीजांच्या राज्यात गुलामगिरी कायद्यानं संपली १८६९ साली. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा २००३ मध्ये मिळाला, आणि बेळगाव-धारवाडच्या सिद्दींसाठी तो यायला २०२० उजाडलं. मधल्या सतरा वर्षांत एकाच रानातले चुलतभाऊ जिल्ह्याच्या हद्दीमुळं निराळे होते.

मनात होतं की कादंबरीत एक सिद्दी बाई आणावी, घाटातून पळून आलेली, जी माझ्या कुणबिणीला पळायची वाट दाखवील. तिथं एका आज्जींच्या ओसरीवर बसले. त्या कोकणी-मराठी-कानडी मिसळून बोलत होत्या, नातवाच्या केसांना तेल लावत होत्या. मी काय लिहितेय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, त्यांच्या घरात पूर्वजांना नारळ फोडतात, नाव घेतात, जेवू घालतात. म्हणजे त्यांचे पूर्वज त्यांच्याकडे आहेत. माझ्या गोष्टीला वाट दाखवायला त्यांच्यातली एक बाई उचलून आणणं मला पटेना. परत येताना बसमध्येच ते पात्र काढून टाकलं. त्यांची गोष्ट त्यांच्यातलं कुणी लिहील तेव्हा मी ती वाचीन.

२५ मे

आजचा दिवस विसरणार नाही.

कोल्हापूरला मोडीच्या सरांकडे गेले होते. फोटो मोठे करून कागदावर छापून नेले होते. मोडीत आधी पानभर शिरोरेघा ओढून घेतात आणि मग खाली अक्षरं लिहीत जातात, शब्द तोडत नाहीत. ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, अनुस्वार पुष्कळदा गाळतात. हे सगळं मला माहीत होतं. सरांनी भिंग न घेताच ती ओळ वाचली.

"कुणबीण एक, पोर सुद्धां."

मी म्हटलं, "पोर सुधा. मुलीचं नाव."

ते म्हणाले, "नाव नाही हो. सुद्धां म्हणजे सह. पोरासकट. वासरासुद्धां गाय लिहितात की, तसंच." मग पान खाली सरकवून दाखवलं. चार ओळी खाली खरंच होतं: "म्हैस १ रेडकूसुधां".

चार महिने मी एका शब्दयोगी अव्ययाला मूल समजून वाढवत होते.

सर चहा सांगायला आत गेले. मी त्या ओळीकडे बघत बसले. डोळ्यांत पाणी आलं आणि का आलं ते मलाच सांगता येईना, कारण सुधा कधी नव्हतीच. पण मूल होतं. नुसतं त्याचं नाव कुणी लिहिलं नव्हतं. ते आईला चिकटून आलेलं, मोजायचंही कारण नाही असं. मुलगा की मुलगी तेही त्या ओळीत नाही. पोर.

११ जून

कारहुणवी. बैल रंगवले, पोरांनी शिंगांना बेगड लावली. पाऊस आठ दिवसांवर.

पंधरा दिवसांत एक ओळ लिहिली नाही. आज सूनबाईंनी बस्तानातल्या उरलेल्या पानांचे फोटो पाठवले आणि मी पुन्हा सगळं लावायला बसले. बारा वर्षांनंतरच्या एका पानावर वाड्यातल्या लेकीच्या लग्नाचा खर्च आहे. लुगडी, भांडी, एक दुभती गाय, आणि आंदण: "कुणबीण १ लाहान". लेकीबरोबर सासरी एक कुणबीण आंदण द्यायची चाल होती. नवरी लहान, अनोळखी घर, सोबतीला माहेरची पोर.

ही तीच, असं कागद म्हणत नाही. मी म्हणतेय. कादंबरीला तेवढा अधिकार आहे आणि तेवढ्यापुरताच.

आता मला कळतंय की माझी रचनाच चुकत होती. दोन काळांच्या कादंबरीत आजची बाई मागं वळते, कागद शोधते, आणि शेवटी तिला तिची पूर्वज सापडते. वाचकाला धीर येतो, की वंश टिकला. पण वंशज म्हणून मागं बघितलं की दिसतो तो राहिलेला मुलगा. वाड्यात जन्मलेला, मालकाचा, लेकावळा म्हणून का होईना पण घरात थारा मिळालेला, पुढं वावर कसायला मिळालेला. हेळव्यांच्या चोपडीतला "वाड्यातला". आम्ही सगळे त्याच्या ओळीतले. आंदण गेलेल्या मुलीकडून मागं बघणारं कुणी आमच्या अंगणात उभं राहत नाही. असलं तरी त्याला ठाऊक नाही की आपण इथून निघालो.

आईनं कुणाचा विचार केला असेल आयुष्यभर? जो डोळ्यांपुढं होता त्याचा, की जी गाडीत बसून गेली तिचा?

पहिला पदर त्या गेलेल्या मुलीला उद्देशून लिहायचा. आई तिच्याशी बोलतेय, "तू" म्हणून. झालेली सगळी पानं बाद.

६ जुलै

आषाढी. सकाळपासून झड लागलीय. नावाचं कोडं आज सुटलं, शेजारच्या मल्लव्वा मावशींमुळं.

जुन्या कागदांत जिथं कुणबिणींची नावं येतात तिथं ती ईकारान्त तोडलेली: गंगी, सखी, यमुनी. मी आईसाठी गंगी ठरवलं होतं. मावशी अथणीकडच्या, माहेर पूर्ण कानडी. त्यांना म्हटलं, दुष्काळात तुमच्याकडून इकडं आलेली बाई, नाव गंगी. त्या भाकरी थापता थापता थांबल्या. "आमच्यात गंगी कशाला म्हंतील? गंगव्वा म्हंतील. यल्लव्वा, मल्लव्वा, गंगव्वा. ही परातीतली पोर जन्मली तरी तिला अव्वाच."

अव्वा म्हणजे आई. कानडी मुलुखात तान्ह्या मुलीच्या नावातही आई असते. गंगव्वा वाड्याच्या दिंडीतून आत आली आणि कारकुनानं तिची गंगी केली. नावातली आई उंबऱ्यावरच कापली.

हे मी शोधून काढलेलं नाही, ते मल्लव्वा मावशींच्या नावात माझ्यासमोर पस्तीस वर्षं होतं.

मग आणखी एक. त्या नातीला हाक मारतात, "नन्न कूस, बा इल्ली." कूस म्हणजे बाळ. आपल्या मराठीत कूस म्हणजे जिथं बाळ असतं ती जागा. वाड्यात पहिल्या रात्री गंगव्वा पोरीला कवटाळून "नन्न कूस, नन्न कूस" म्हणतेय आणि जवळ झोपलेल्या मराठी कुणबिणींना वाटतं हिचं पोट दुखतंय. एकजण उठून ओवा आणून देते. हे लिहिलं. एका बैठकीत अकरा पानं.

आणि जातं. आपल्याकडं जात्यावरची ओवी दोन ओळींत फिरते, कानडीत जात्यावर त्रिपदी म्हणतात, तीन ओळींची. गंगव्वा पहिलं वर्षभर गप्प दळते कारण तिला ओवी येत नाही. मग शिकते. पण बाकीच्या बायकांची ओवी संपते तिथं तिच्या तोंडात एक ओळ उरते. त्या उरलेल्या ओळी मुलीला उद्देशून. पहिल्या पदराच्या प्रत्येक प्रकरणाचा शेवट अशा एका ओळीवर करायचा.

१७ ऑगस्ट

कित्तूरचं प्रकरण काढलं. साठ पानं होती, मेहनतीची. २३ ऑक्टोबर १८२४, धारवाडचा इंग्रज कलेक्टर थॅकरे पडला तो दिवस, चन्नम्मा राणी, मग बैलहोंगलची कैद, पुढं संगोळ्ळी रायण्णा, नंदगडला फाशी. या भागातलं कुठलंही लहान मूल हे सांगू शकतं आणि मीही याच गोष्टीवर वाढले. गंगव्वाला मी त्या लढाईत बारूद वाहायला पाठवलं होतं. पण ती तिथं गेली की सगळा प्रकाश तोफांवर पडतो. तिचं दुःख तोफेच्या आवाजाचं नाही.

एक गोष्ट मात्र ठेवली. कित्तूरच्या गादीवर घेतलेला दत्तक मुलगा कंपनी सरकारनं मान्य केला नाही, त्यावरून ते सारं पेटलं. ही बातमी वाड्याच्या सोप्यात येते तेव्हा गंगव्वा ताकाचा डेरा घुसळतेय. पुरुष तावातावानं बोलतात: मूल कुणाचं हे सरकार ठरवणार काय? तिची रवी एक क्षण थांबते आणि पुन्हा फिरायला लागते. दोन ओळी. पुरे.

१ सप्टेंबर

गौरी जेवल्या. आत्ती आली होती. जेवणं झाल्यावर तिनं मला मागच्या खोलीत बोलावून दार लोटलं.

"तू काय लिवायलीस म्हणं घराबद्दल?"

सांगितलं.

"दोन पोरींची लग्नं व्हायची हाईत अजून. कडू म्हंतील लोक. खरं असंल, खरं चावडीवर मांडायचं व्हय?"

तिचं भय पोकळ नाही. सोयरिकी अशा मोडलेल्या मी पाहिल्या आहेत, एकीची मोडली तेव्हा तिच्या पाठीवरून हात फिरवत रात्र काढलीय. मी म्हटलं, गाव, आडनाव, वाडा, काही ओळखू येणार नाही. आत्ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हातारीला ठेवलीस का वाटी?"

गौरीच्या रात्री आमच्यात जात्याशेजारी वाटीभर जोंधळे ठेवतात. लहानपणापासून मी ठेवत आलेय. कुणाला ते विचारलं नव्हतं. "कुठली म्हातारी?" म्हटलं, तर आत्ती म्हणाली, "असंल कोणतरी. माझी आई ठेवायची."

त्या फाटक्या कागदावरचे जोंधळे आणि ही वाटी जोडून टाकायचा मोह झाला, अजून होतोय. जोडणार नाही. पुष्कळ घरांत जात्याला, चुलीला काही ना काही ठेवतात. कादंबरीतही वाटी येईल, पण तिथंही तिला कुणी अर्थ सांगायचा नाही.

८ ऑक्टोबर

महिनाभर धर्मशास्त्र आणि कायदा वाचला. थकायला झालं, पण शेवट इथंच मिळाला.

नारदस्मृतीत दासांचे १५ प्रकार आहेत. यादीत पहिला गृहजात: घरातल्या दासीच्या पोटी जन्मलेला. म्हणजे यादी आईच्या पोटापासून सुरू होते. पुढं अनाकालभृत येतो, दुष्काळात पोसलेला. गंगव्वा आणि तिचा मुलगा दोघांसाठीही शब्द तयार होते, त्यांच्या जन्माच्या कितीतरी शतकं आधी. कात्यायन तर म्हणतो की धन्यापासून दासीला मूल झालं तर तिला मुलासकट दास्यातून मोकळं करावं. हे वाचून मी पुस्तक मिटलं. म्हणजे आमचा "वाड्यातला" जन्मला त्या दिवशी, शास्त्र मानलं असतं तर, ती सुटायला हवी होती. वाड्यात शास्त्रीबुवा रोज पोथी वाचायचे असं मी आधीच्याच प्रकरणात लिहून गेलेय. ते तसंच ठेवते.

आणि सोडण्याचा विधी. धन्यानं दासाच्या खांद्यावरची पाण्याची घागर घ्यायची, फोडायची, अक्षता-फुलं घातलेलं पाणी त्याच्या माथ्यावर शिंपडायचं, तीन वेळा "अदास" म्हणायचं आणि पूर्वेकडं तोंड करून सोडून द्यायचं. खांद्यावरची घागर फुटणं आपण सगळ्यांनी दुसऱ्या एका जागी पाहिलंय, मसणवट्यात.

कंपनी सरकारचा १८४३ चा पाचवा कायदा ७ एप्रिलला झाला. माणसावर गुलाम म्हणून कुणाचा हक्क कोर्ट मानणार नाही, सरकारी वसुलीसाठी माणूस विकता येणार नाही, मोकळ्या माणसाशी जे केल्यानं गुन्हा होतो ते गुलामाशी केलं तरी गुन्हाच. एवढंच. कुणी दवंडी पिटून वाड्यातल्या बायकांना "तुम्ही सुटलात" म्हटलं नाही. गुलाम विकत घेणं हाच गुन्हा ठरला तो दंडसंहितेच्या ३७० कलमानं, १ जानेवारी १८६२ पासून.

माझी गंगव्वा १८४३ च्या उन्हाळ्यात मरते, सत्तरी ओलांडलेली. मुलगा खांद्यावर घागर घेऊन सरणाभोवती फिरतो. प्रत्येक फेरीला घागरीला भोक, पाण्याची धार. मग घागर मागं सोडून देतो. ती फुटते. लिहिताना कुठंही नारदाचं नाव नाही, "अदास" हा शब्द नाही. ज्यानं ते वाचलंय त्याला कळेल, ज्यानं नाही त्याला मसणातली घागर दिसेल, आणि तीही खरीच आहे.

१६ नोव्हेंबर

दुसरा पदर मागं पडलाय, आता तोच. निपाणीत चार दिवस काढले. तंबाखूच्या वखारीत काम केलेल्या तिघी जणींशी बोलले. त्यांच्याकडून घेतलं ते हे: हंगामात अंगाला वास इतका बसतो की तान्हं मूल पाजायला घेतलं की तोंड फिरवतं. आधी कोपरापर्यंत हात आणि छाती धुवायची, मग पाजायचं. एकजण म्हणाली, "पोर रडायलंय आन मी हात धुवायलीय, असंच सगळं दिसतंय मला मागं बगितलं की."

माझी आजची बाई अशा आईची लेक. २००५ च्या दुरुस्तीनं वडिलार्जित जमिनीत लेकीला मुलाइतका वाटा आला, म्हणून वंशवृक्षात आता लेकीही लिहाव्या लागतात. हेळव्यांच्या चोपडीत तिची ओळ नाही, नाडकचेरीच्या कागदावर आहे. सातवा महिना, पाय सुजलेले, ती रांगेत उभी राहून वर वर नावं लिहीत जाते आणि एका जागी अडते. "पोर सुधा" ही चूक मी तिला देऊन टाकलीय. तीही त्या शब्दाला नाव समजते, पोटातल्या बाळासाठी ते धरून ठेवते. पुढं तिला खरा अर्थ कळतो. मग ती ते नाव ठेवते की नाही, यावर तीन आठवडे घोटाळतेय.

४ डिसेंबर

मार्गशीर्षातली पौर्णिमा. सौंदत्तीच्या डोंगराकडं जाणाऱ्या गाड्या पहाटेपासून गावातून गेल्या. बायका "उधो उधो" म्हणत होत्या. यल्लव्वाच्या नावातही अव्वा आहे, हे यंदा पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकलं.

दोन्ही पदरांचा कच्चा खर्डा काल रात्री पुरा झाला. ४१२ पानं. आजच्या बाईला मुलगी होते. नाव अजून ठेवलेलं नाही, बारसं कादंबरीच्या बाहेर आहे.

दुपारी हेळव्यांना फोन केला. म्हटलं, आमच्या पानावर सगळ्यांत वर, "वाड्यातला"च्या आधी, एक नाव लिहाल का? गंगव्वा. खरं नाव ठाऊक नाही हेही सांगितलं, मी ठेवलेलं आहे म्हटलं. ते लगेच हो म्हणाले नाहीत. त्यांचा आज्जा, पणजा, कुणी बाईला ओळ दिली नव्हती. पलीकडं मुलाशी काहीतरी बोलले, कानडीत. मग म्हणाले, "पेनशिलीनं लिवतो आधी. आलो म्हंजे बगू."

मी म्हटलं, "तिला एक मुलगीही होती. आंदण गेली. तिचं नाव नाही, गाव नाही. तिच्यासाठी जागा सोडाल का?"

"सोडतो की," म्हणाले. मग थोडं थांबून, "किती सोडू, आक्का? तिच्या फुडं किती झाली असतील?"